कावेरीचा कोरा हात

झुंबरच्या हातचं गोंदण नाही अशी बाई अथाल गावात शोधावी लागली असती. कपाळावरचा चंद्र, मनगटावरची तुळस, पोटरीवरचा विंचू. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधून ती टोचायला बसली, की तोंडाने असं गोड गाणं धरायची की रडणारी पोरही ऐकत राही. आणि देवाची करणी बघा, तिच्या पोटच्या कावेरीचेच दोन्ही हात कोरे!

त्याला कारण होतं. हे काम झुंबरला सासूने शिकवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आपल्या घरात आईने लेकीला टोचायचं नाही, जावेने टोचायचं. जाऊ बायडाबाई राहायची सुरंगी गावात, आणि तिच्याशी झुंबरचा अबोला. "झुंबरच्या सुईने हात पिकतात," असं ती भर जत्रेत बोलली होती. आठ वर्षांची कावेरी विचारायची, "आई, माझं कधी?"

"ती माझे पाय धरील तेव्हा!"

त्यात बारा वर्षं गेली. कावेरी सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात लागली आणि तिनेच विषय मिटवला. "राहू दे आता. लाइनीतल्या पोरी हसतात."

एक्क्याण्णवच्या चैत्रात तिला कावीळ झाली. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

कीर्तनात बुवा सांगतात, देव माणसाचं अंग बघत नाही, अंतःकरण बघतो. खरं आहे हो. पण हे झुंबरला कोणत्या तोंडाने सांगावं? दागिने इथे उतरवतात, गोंदण तेवढं बाईबरोबर जातं, आणि तेही नसलं तर वर तिला आपली म्हणायला कोणी येत नाही, असं सांगूनच तिने आजवर शेकडो पोरींचे हात धरले होते.

तिने सुरंगीला जावेकडे निरोप धाडला. बायडाबाई नवऱ्याला, चिंधाला, घेऊन दुपारी पोचली. उंबऱ्यातच म्हणाली, "जिती होती तेव्हा बोलवायचं होतंस गं!"

"मला काय बोलायचं ते उद्या बोल. आज टोच."

कावेरीला न्हाऊ घालून झालं होतं. बायडाबाईने काजळी कालवली, डावा हात मांडीवर घेतला आणि तुळशीचं पहिलं पान टोचलं. झुंबरने सवयीने गाणं धरलं. हात मागे ओढला गेला नाही. रक्ताचा टिपूस आला नाही. ओल्या फडक्याने पुसलं, तर सगळं फडक्यावर आलं.

"धरत नाही गं. जितं रक्त लागतं त्याला."

"खोल टोच."

"खोलच टोचतेय, बाई!"

पुन्हा टोचलं, पुन्हा पुसलं गेलं. तिसऱ्यांदा फडकं उचललं तेव्हा झुंबरने जावेचं मनगट घट्ट पकडलं.

"पुसू नको."

कातडीवर नुसती काजळी बसली होती. त्याला गोंदण म्हणत नाहीत, हे त्या घरात या दोघींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बायडाबाईने फडकं खाली ठेवलं.

माणसांनी तिरडीला हात घातला. बायका दारातच थांबल्या. झुंबर मात्र अंगणात धावली.

"भावजी, तिथे पाणी शिंपडतील. तेव्हा तिचा डावा हात झाकून धरा."

"धरतो, वहिनी," चिंधा म्हणाला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि आत्ताच त्या हातावर ठेवली.