गुडघा बघायचा कार्यक्रम

मुरगूडला मुलगी बघायला निघताना मीनाबाईंनी लेकाला बजावलं, "प्रसेनजीत, तिथं लंगडायचं न्हाय. आणि फुटबॉलचं नाव काढलंस तर बघ."

पावसाळ्याआधी मॅचमध्ये बॉल घेऊन तो गर्रकन वळला, तेव्हा बूट मातीत रुतून बसला आणि गुडघा तेवढा फिरला. आतलं लिगामेंट फाटलं. डॉक्टरांनी मांडीचे व्यायाम दिले होते. थोडं बरं वाटलं, तसे त्यानं ते गुंडाळून ठेवले. सपाटीवर आता काही कळायचं नाही, पण वळताना आणि जिना उतरताना गुडघा दगा द्यायचा.

मुलीकडची बैठक नेमकी माडीवर होती. चढताना निभावलं. चहा झाल्यावर थोरांनी "जावा, परसात बोलून या" म्हणून दोघांना खाली धाडलं. संघप्रिया भराभर उतरली आणि खाली उभी राहून वर बघू लागली. प्रसेनजीत कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होता.

"डावा का उजवा?"

"काय?"

"गुडघा."

"छे, नवा बूट जरा घसरतोय."

तिनं त्याच्या पायांकडं बघितलं. बूट वर दाराशीच राहिले होते.

"बूट बेस हाय की, पावणं," ती म्हणाली. "दिसतसुद्धा न्हाय."

प्रसेनजीतचे कान तापले. "उजवा," तो पुटपुटला. "आईनं सांगू नको म्हटलंय."

"माझ्या आईनं पण." ती खुदकन हसली. "कबड्डीत खांदा निखळला. बसवलाय, पण वाळत घालायला हात वर नेला की परत सुटतोय का काय वाटतंय. व्यायाम करता का?"

"करतो की."

"उतरणं बघून वाटत न्हाय. आतला आधार गेल्यावर मांडीनंच गुडघा सांभाळायचा असतोय."

"आणि तुम्ही करता व्हय खांद्याचा?"

"रबर दिलाय ओढायला. कुठं ठेवलाय त्येच सापडंना."

आता हसायची पाळी त्याची होती. वरून हाक आली तरी दोघं पायरीवर बसूनच होते.

परतताना गाडीत मीनाबाईंना दम निघेना. "काय ठरलं रे?"

"रोज सकाळी फोन लावून दोघांनी व्यायाम करायचा."

मीनाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "अवो, ह्ये ठरवायला आणलंतं व्हय ह्याला?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फोन वाजला, तेव्हा पांघरुणात शिरलेल्या लेकाला गणपतरावांनीच हलवून उठवलं.