माल्सुन आजींची खळी

गावातल्या अकरा आज्यांनी आपापल्या मयतात पुढे ठेवायचे फोटो आधीच काढून घ्यायचे ठरवले, तेव्हा ते मी काढतो, असं जेगुनने स्वतःहून सांगितलं. सोलची नोकरी सोडून परतलेल्या माणसाला निदान काहीतरी येतं, हे गावाला दिसावं एवढाच त्यामागचा विचार. असा फोटो हयातीत काढला की आयुष्य वाढतं म्हणतात. जांभळा रेशमी हानबोक, म्हणजे सणासुदीचा कोरियन पोशाख, एकच होता. तो अकराजणींनी आळीपाळीने घातला. पावडर बुन्नी आजींनी लावली, अगदी सढळ हाताने.

गावातल्या वृद्धांच्या सभागृहात उजेड कमी होता. जेगुनने मोबाइल दोन फुटांवर धरून फ्लॅश मारला. अकरा वेळा.

घरी येऊन बघतो तो प्रत्येक फोटोत हानबोक सुरेख आणि त्याच्यावर तांदळाच्या पिठाचा उंडा. त्याने उजेड कमी केला. उंडा करडा पडला. आणखी कमी केला. उंडा शिळा झाला. अंधारात लपलेलं नाक मोबाइलला शोधता येतं, पण फ्लॅशने जाळलेलं नाक त्याच्याकडे नसतंच, हे तेव्हा कळलं. पुन्हा काढू या, असं म्हणायला तोंड नव्हतं. शेवटी त्याने एका अ‍ॅपला हरवलेले चेहरे भरून काढायला सांगितलं. मोबाइलमध्ये जो चेहरा सगळ्यात जास्त सापडला, तो अ‍ॅपने वापरला.

जेगुनचा.

अकराही आज्यांच्या डाव्या गालावर खळी पडली. त्याने तशाच फ्रेमा करून वाटल्या.

“अगं बाई, काय देखणी दिसतेय मी!” माल्सुन आजी हरखल्या.

बुन्नी आजींनी आपला फोटो लांब धरला. “ही खळी कुठली रे, जेगुन?”

“उजेडाचा खेळ असतो, आजी.”

“म्हणजे ऐंशी वर्षं मी अंधारातच होते म्हण की!”

सगळ्या हसल्या. जेगुनही हसला, डावा गाल हाताने झाकून.

नवव्या दिवशी माल्सुन आजी गेल्या.

पांढऱ्या शेवंतीच्या फुलांमध्ये, काळी फीत लावून, जेगुन हसत होता. जेगुनने त्याच्यापुढे उदबत्ती लावली आणि गुडघे टेकून स्वतःला दोनदा नमस्कार घातला. कान असे तापले होते की उदबत्ती त्यांच्यावरही पेटली असती.

आजींचा थोरला मुलगा, सांगचोल काका, बाजूला उभा होता. “कालपासून बघतोय. आईला खळी नव्हती रे. बहीण म्हणते, म्हातारपणी पडते.”

उजेडाच्या खेळाची थाप जेगुनच्या ओठांवर आलीच होती. त्याने वर पाहिलं. फुलांतला जेगुन ती ऐकायला अगदी आनंदाने तयार होता.

“काका, तो मी आहे.”

मग त्याने पावडरीपासून अ‍ॅपपर्यंत सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत.

काकांनी फुलांतल्या फोटोकडे पाहिलं. “म्हणजे दीड दिवस आम्ही भावंडं तुझ्यापुढे रडतोय?”

“हो.”

“भाताचा वाडगाही तुलाच ठेवला?”

“हो, काका.”

“कसा झाला होता?”



काकांनी खिशातून आईचं ओळखपत्र काढलं. त्यावर ओठ मुडपलेली, वैतागलेली, खरीखुरी माल्सुन आजी होती. “हे मोठं करून आण. सुधारू नकोस काही.”

तासाभरात जेगुनने ते आणलं. पुन्हा गुडघे टेकले. आजी त्याच्याकडे जशा बघत होत्या, तसंच त्यांनी बघायला हवं होतं.

तो निघाला, तेव्हा काकांनी जुनी फ्रेम त्याच्या हातात दिली. “घेऊन जा. तुझीच आहे. कधीतरी लागेलच.”

दारात बुन्नी आजी चपला घालत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. “उद्या सकाळी आम्ही दहाजणी खिडकीशी बसतो. पावडर नाही, फ्लॅश नाही. येशील ना?”

“येतो, आजी.”

भर दुपारी गावातून जाताना जेगुनने फ्रेम पोटाशी घट्ट धरली होती, चेहरा आतल्या बाजूला करून. फीत मात्र बाहेर लोंबत होती. समोरून येणारा प्रत्येकजण ती बघून थांबत होता आणि मान लववत होता.