बारा इंची स्पीकर बसवलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे आणि माझ्या तळाला करंगळी जाईल एवढं भोक आहे. दोन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकतो. लपवालपवी आमच्या घरात एकदा झाली, तेवढी मला जन्माची पुरली.

मिरजगावच्या छगन कुंभाराने मला घडवलं. गळा चाकावर काढला आणि पोट थापटण्याने थापून थापून वाढवलं. आव्यातून भाजून निघालो तेव्हा आम्ही चौघं भाऊ ओळीने उभे होतो. चांगुणा नावाची नवी नवरी नवऱ्याबरोबर आली. तिने चौघांनाही बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि माझ्यापाशी थांबली. "ह्यो घ्या," एवढंच म्हणाली. नऊ वर्षं मी तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निम्मा जमिनीत पुरलेला होतो. पाहुणे तांब्या तोंडाला लावून विचारायचे, "पानी लई गार हाय, कुठलं म्हनायचं?" ती म्हणायची, "आडाचंच हाय की. रांजण चांगला हाय." मी आतल्या आत फुलायचो.

तिचा नवरा सहादेव विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे त्याचं काम. हात चांगला होता, पण जीव भलतीकडेच. त्याला आवाजाचं वेड होतं. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्याने स्वतः जोडला होता, पुण्याच्या जुन्या बाजारातून बारा इंची स्पीकर छातीशी धरून आणला होता. व्हॉल्व्ह अर्धा तास तापल्याशिवाय तो रेकॉर्डला हात लावू द्यायचा नाही. लग्नातला कर्णा ऐकून लोक म्हणाले, "आवाज लई भारी," की याचं डोकं फिरायचं. "मोठ्या आवाजाला चांगला आवाज म्हनत न्हाईत," असं तो भर मांडवात सांगायचा. गाव त्याला कानसेन म्हणायचं, निम्मं कौतुकाने आणि निम्मं चेष्टेने.

त्याला जोडीदारही तसाच मिळाला. हायस्कुलात शास्त्र शिकवणारे पुंजाराम मास्तर. त्यांच्याकडे नवाकोरा ट्रान्झिस्टरचा सेट होता आणि पॉलिश केलेल्या दोन लाकडी पेट्या. दर रविवारी दोघांची जुंपायची.

"सहादेवा, व्हॉल्व्हचे दिवस गेले," मास्तर म्हणायचे. "बल्बासारखे तापतात आणि बल्बासारखेच जातात."

"तापतंय म्हनून तर गोड वाजतंय, मास्तर. तुमचा सेट गार, आन गानंबी गार."

"यंत्राने जे आहे ते दाखवावं. वरून साखर कशाला घालायची? आणि तुझ्या स्पीकरला पेटीसुद्धा नाही. मागचा आवाज पुढच्या आवाजाला खातो."

हे शेवटचं बोलणं सहादेवला झोंबलं, कारण ते खरं होतं. मित्रांनो, माझ्या दुर्दैवाला सुरुवात इथून झाली.

बहात्तर साली पाऊस नीट पडलाच नाही. आडाने तळ दाखवला, चांगुणाला दिवसाला दोन हंडे मिळायची मारामार. मला भरणार कुठून? दोन महिने मी कोरडा बसलो. विहिरी आटल्या तशा मोटारीही बंद पडल्या आणि सहादेवच्या हाताला काम राहिलं नाही. रिकामा माणूस आणि रिकामा रांजण एका घरात ठेवू नयेत, असं माझं मत आहे.

चांगुणा चार दिवस माहेरी पारनेरला गेली आणि त्याने मला उकरून बाहेर काढलं. "लाकूड थरथरतं, माती थरथरत न्हाई," असं तो स्वतःशीच बोलत होता. पुढच्या खोलीत तीन विटांवर मला उभं केलं, तोंडावर स्पीकर उताणा बसवला, कडेने मेण भरलं. मग वायर आत कुठून न्यायची हा प्रश्न पडला. गळ्यापाशी फट ठेवली तर हवा सुटेल आणि बेस जाईल. त्याने मला आडवा केला, हातड्रिल घेतलं, थेंब थेंब पाणी सोडत पाव तासात माझ्या तळाला भोक पाडलं. वायर घातली, भोवती चिंधी ठोसली. नऊ वर्षं जे पोट एक थेंब गळलं नव्हतं, त्याची ही गत! मी ओरडलो असतो, पण रांजणाला कसलं आलंय ओरडणं.

चांगुणा परत आली तेव्हा दारातच थबकली. "अवो, माझा रांजण!"

"कायबी झालं न्हाई त्याला. नुस्ता वर ठिवलाय स्पीकर. पानी आलं की उचलून देतो."

तिचा विश्वास बसला. मला राग आला तो तिथे.

खोटं मात्र बोलणार नाही. पहिल्यांदा तंबोरा माझ्या पोटात घुमला तेव्हा मी सुखावलो. एका बाईंच्या ठुमरीची रेकॉर्ड होती. तबल्याची पहिली थाप पडली आणि माझी माती पार बुडापासून शहारली. सहादेवच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पाणी नाही तर नाही, गाणं भरून राहू. पण आता बाई काय सांगताहेत ते ऐकू म्हणतोय, तोच त्याने सुई उचलली आणि परत सुरुवातीला ठेवली. पुन्हा तंबोरा, पुन्हा थाप, पुन्हा सुई वर. "मास्तर, थाप बघा. बोट कळतंय का न्हाई?" चार महिन्यांत त्या दोघांनी ती थाप हजार वेळा ऐकली असेल. वैताग म्हणजे काय ते मी तेव्हा शिकलो. ठुमरीचं तोंड मला पाठ झालं, पुढे काय झालं ते देव जाणे. चांगुणाने एकदा विचारलं, "पुढं काय म्हनती ती?" तर सहादेव म्हणाला, "श्श! गानं चालू असताना बोलायचं न्हाई." तो घरचा नियमच होऊन बसला.

पुढे आड पुरता आटला आणि गावात टँकर यायला लागला, चार दिवसांतून एकदा. यायचा तेव्हा धावत जाऊन मिळेल तेवढं भरायचं आणि चार दिवस पुरवायचं. घरात भांडी मोजकीच. चांगुणा म्हणाली, "आता द्या माझा रांजण." सहादेव म्हणाला, "बघतो, मेन घट्ट बसलंय." पुढल्या टँकरला म्हणाला, "रविवार हुऊ दे." त्याच्या पुढल्या वेळी पेचकस घेऊन बाहेर निघून गेला. मित्रांनो, माझ्या तोंडातून ठुमरी निघत होती, रेडिओच्या बातम्या निघत होत्या, पण "बाई, मला भोक आहे" एवढं निघत नव्हतं.

तो रविवार माघातला. दोघांनी ठरवलं होतं की आज निकाल लावायचा, म्हणून मास्तर आपला सेट आणि पेट्या घेऊन आमच्याकडे आले होते. मास्तरांनी डोळ्यांवर टॉवेल बांधला, सहादेवने एकदा मला वाजवलं, एकदा पेट्यांना. मास्तरांनी बोट दाखवलं ते माझ्याकडे. सहादेव नाचायचाच बाकी राहिला. मास्तर कसले ऐकतात!

"हे खरं नाही," ते म्हणाले. "माझ्या पेट्या वाजतात तेव्हा तुझा मुका स्पीकर शेजारी बसून हलतो. त्याने माझा आवाज बिघडतो. तो बाहेर नेऊन ठेव, मग ऐक."

सहादेवने इरेला पेटून मेण सोडवलं. आज मेण कसं झटकन सुटलं बघा! वायर खालून ओढून घेतली, स्पीकर ओसरीवर नेऊन ठेवला. चिंधी तेवढी माझ्या भोकात अडकून राहिली. पेट्या जोडून, रेकॉर्डवर सुई टेकवून दोघेही टॉवेल बांधून माझ्याकडे पाठ करून बसले.

टँकर सोमवारी यायचा होता, पण त्या दिवशीच न सांगता आला. चांगुणा डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन घाईने आत आली. माझं तोंड मोकळं बघून तिचा चेहरा उजळला. गाणं चालू होतं म्हणून बिचारी बोलली नाही. तिने हंडा ओतला, कळशी ओतली. पाण्याच्या आवाजाने सहादेवने मान न वळवता हात वर केला. "श्श!"

ती पळत परत गेली आणि चिंधीतून पाणी सुटायला लागलं.

"मास्तर," थोड्या वेळाने सहादेव म्हणाला, "तुमच्या पेटीत सरसर येतीय."

"सरसर ना? ती सुई. झिजली असेल."

"सुईची सरसर निराळी. ही ट्रान्झिस्टरची हाय."

"छे! रेकॉर्डवर धूळ आहे. तू पुसत नाहीस."

"मी? मी रोज पुसतो!"

दहा मिनिटं भांडले. डावीकडून येते की उजवीकडून, जाड आहे की बारीक. अरे बाबांनो, माझ्या पोटातून येते! एकाने टॉवेल वर केला असता तर दिसलं असतं. पण डोळे उघडले की कानांना नीट कळत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. भांडणाच्या नादात सुई उचलायचंही कुणाला सुचलं नाही.

चांगुणा दुसरी खेप घेऊन आली. हंडा निम्मा ओतला आणि थांबली. पाणी पाण्यावर पडलं की एक आवाज येतो आणि कोरड्या तळावर पडलं की दुसरा. तिला टॉवेल बांधावा लागला नाही. तिने हंडा खाली ठेवला, माझ्या बुडाखाली हात घातला आणि हातात भिजलेली चिंधी आली.

"ह्याला भोक कुनी पाडलं?"

दोन्ही टॉवेल सुटले. जमिनीचा चिखल झाला होता, पाणी मास्तरांच्या बैठकीपर्यंत आलं होतं.

"वायरसाठी..." सहादेव पुटपुटला. "तू पारनेरला गेल्तीस तवा."

"भोकात बोट घाला."

"आँ?"

"बोट घाला! हाय तेवढं तरी ऱ्हाऊ द्या. मी भांडी मागून आनते."

गावचा कानसेन चिखलात पालथा पडला आणि माझ्या तळाला करंगळी लावून राहिला. मास्तरांनी विचारलं, "रेकॉर्ड बंद करू का?" मग तेच उठले, सुई उचलली आणि तांब्याने माझ्यातलं पाणी उपसू लागले. चांगुणा शेजारच्या छबूबाईकडून दोन पातेली घेऊन आली. पहिल्या खेपेचं जवळजवळ सगळं जमिनीने प्यालं होतं. टँकर केव्हाच निघून गेला होता.

"आमाला वाटलं सुई हाय," सहादेव पडल्या पडल्या म्हणाला.

"मला दारातनं आयकू आली सरसर," चांगुणा म्हणाली. "तुमी तर हितंच बसला हुता."

ती रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी छगन कुंभार येऊन बघून गेला. "भाजल्याली माती नवी माती धरत न्हाई, वयनी." नवा रांजण करून दे म्हटलं, तर म्हणाला, "माती भिजवायला पानी कुठून आनू?" सहादेवने डांबर लावून पाहिलं. चांगुणाने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. तो उन्हाळा सहादेवने सायकलला दोन डबे बांधून लांबच्या विहिरीवरून पाणी आणण्यात काढला. रेकॉर्ड एकदाही लावली नाही.

पुढच्या साली पाऊस झाला, नवा रांजण आला, चांगुणाने तोही वाजवून घेतला. आता तिचा राग उरलेला नाही. ती एकदा म्हणालीसुद्धा, "त्यात पुन्हा स्पीकर बसवा की, न्हाईतर बाजरी तरी भरा." सहादेव म्हणाला, "नगं, मला ते बघवत न्हाई." आणि मला गोठ्यामागे नेऊन उभं केलं. त्याला वाटतं, हे प्रायश्चित्त. अरे, प्रायश्चित्त तू घेतोस आणि शिक्षा मी भोगतो! येताजाता मान खाली घालून माझ्याकडे बघतो, त्या बघण्याने माझं काय भरणार?

मित्रांनो, दुसऱ्याच्या वापरातल्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्या मालकिणीला विचारा, हे तर सांगतोच. पण एवढं करूनही चूक झालीच, तर मनातल्या लाजेपोटी ती वस्तू अडगळीत टाकू नका. मला बाजरी चालेल, ठुमरी चालेल, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा चालेल. रिकामा तेवढा ठेवू नका.