फाटकावरची वही

मुलींच्या शाळेच्या फाटकावर रोज सकाळी वही घेऊन उभी राहायची इब्तिहाल. विद्यार्थिनी संघाची अध्यक्ष, खांद्यावरून तिरका पट्टा, आणि तोरा तर विचारूच नका! साडेसातची घंटा झाली की बाहेर राहिलेलीचं नाव वहीत. तीनदा नाव आलं की पालकांना बोलावणं. नियम मुख्याध्यापिका इनआमबाईंचा, पण राबवायची ही.

सबरीन तिच्याच बाकावरची. बाप नाही, आई अंथरुणाला खिळलेली, घर चालायचं खलाफकाकाच्या मर्जीवर. रेशन कार्डावरच्या रोट्या आणायचं काम सबरीनकडे. रोट्यांची भट्टी उघडायची सातला, त्यात बायका रांगेत मध्येच घुसायच्या. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा ती धापा टाकत आली, बाहीला अजून रोट्यांवरचा कोंडा लागलेला.

"इब्ती, नको ना गं लिहूस! रोट्यांना उशीर झाला. काका म्हणालाय, शाळेतून बोलावणं आलं की दप्तर बंद."

"नियम म्हणजे नियम. उद्या सगळ्याच कारणं सांगतील."

आणि लिहिलं. गुरुवारी खलाफकाका आला आणि पुतणीला घेऊन गेला. झालं, संपलं.

त्या दिवसापासून इब्तिहालला काही वाटेनासंच झालं. रडू नाही, राग नाही. आई ओरडली, "अगं, घेवडा गार झाला!" तेव्हा ती जेवली, पण चव कळली नाही. रोज झेंड्यापुढे घोषणा तिनंच द्यायची, ती देत राहिली. इनआमबाईंनी सगळ्यांसमोर तिला 'आदर्श विद्यार्थिनी'चं प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजल्या. बाकावरच्या रिकाम्या जागी तिनं दप्तर ठेवलं. काळ हे औषध आहे, असं आमच्या गावात म्हणतात. डोंबलाचं औषध!

दहाव्या दिवशी तिचे पाय आपोआप भट्टीकडे वळले. रांगेत सबरीन होतीच.

"या, अध्यक्षीणबाई! इथंही नावं लिहायला आलात?"

तिला रोट्या मिळेपर्यंत इब्तिहाल तिथेच थांबली. तिच्या मागोमाग घरापर्यंत गेली आणि काकापुढे उभी राहिली.

"काका, हिला शाळेत पाठवा."

"वा गं वा! नाव तूच लिहायचं आणि वकिलीही तूच करायची? रोट्या कोण आणणार, तुझा बाप?"

"मी आणीन."

काका खो खो हसला. मग कार्ड तिच्यापुढे टाकलं. "ज्या दिवशी रोट्या चुकल्या, त्या दिवशी पोरगी घरी. सांगून ठेवतो!"

दुसऱ्या दिवशी सबरीन वेळेवर वर्गात होती. इब्तिहाल मात्र भट्टीवर, मग खलाफकाकाच्या दारात, मग धावत फाटकात. तिथे तिच्याच हाताखालची नेहाल वही धरून उभी.

"तुझं कसं लिहू गं मी?"

"मी लिहायची तसंच. लिही."

तिसऱ्या दिवशी इनआमबाईंनी बोलावलं. "तुझ्या आईला बोलवायचं म्हणजे मलाच लाज वाटते. काहीतरी कारण असेल ना? सांग, खोडून टाकते."

"कारण आहे, बाई. सबरीनचंही होतं. तिनं मला सांगितलं, मी ऐकलं, आणि तरी लिहिलं."

 इब्तिहालनं पट्टा काढून टेबलावर ठेवला. तेव्हाही तिला काही वाटलं नाही. उद्याही भट्टी सातलाच उघडणार, एवढंच डोक्यात होतं.

वर्गात गेली तर सबरीननं बाकावर जागा करून ठेवलेली. तीन दिवस एक शब्द बोलली नव्हती. आज तिनं हळूच इब्तिहालच्या बाहीवरचा कोंडा झटकला, आणि झटकता झटकता थांबली.

"हे काय, बोटांना फोड आलेत! अगं वेडे, रोट्या जरा निवल्या की मग उचलायच्या. मला विचारायचंस तरी!"

इब्तिहालनं बोटांकडे पाहिलं. कधी भाजलं कोण जाणे. सबरीननं फुंकर घातली, तेव्हा कुठे ते चुरचुरायला लागलं, इतकं की तिच्या डोळ्यांना धार लागली.