डावा हात

आमच्याकडे खुनी माणूस दारात आला तर त्याला हाकलत नाहीत. तो तोंडावरून पांघरूण ओढून मुकाट्याने चुलीशी बसतो. घरच्या बाईने त्याच्या हातांवर डुकराच्या पिल्लाचं रक्त ओतायचं, मग पाण्याने हात धुवायचे, आणि तोवर नाव विचारायचं नाही. रक्त जिने ओतलं तिनेच पाणी घालायचं, दुसरीचं चालत नाही. हात धुतले की त्याच्या मागे लागलेल्या सूडदेवता माघारी फिरतात. आणि चुलीशी बसलेल्याला कुणी मारलं, तर त्या मारणाऱ्याच्याच मानगुटीवर बसतात. कायदा झ्यूसचा आहे. मला विचारलं असतं तर मी वेगळा केला असता.

माझी जाऊ मिर्तो. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर दोरिआस, लढाईत गेला असं लोक म्हणतात. लढाई कसली डोंबलाची. पिसांद्रोस त्याचा शपथेचा भाऊ, गडाच्या दरवाजावर पहाऱ्याला होता. शत्रूकडून सोन्याचे पेले घेऊन त्याने अडसर काढला आणि दोरिआस झोपेतच कापला गेला. तेव्हा त्यांचा पोरगा लिकॉन रांगत होता. आता तो बापासारखा धिप्पाड झालाय आणि कुऱ्हाड परजत हिंडतो. पिसांद्रोस सुटता कामा नये आणि पोराचे हात रंगता कामा नयेत, एवढंच मिर्तोला हवं होतं.

ऑलिव्हची झाडं झोडपायच्या दिवसांत एक जण तसा तोंड झाकून येऊन बसला. मिर्तोने पिल्लू कापलं, रक्त ओतलं, घागर उचलली. उजवा हात धुऊन झाला. डावा पुढे आला, त्याची करंगळी अर्धीच होती. ती रानडुकराने तोडली तेव्हा मिर्तोनेच आपलं फडकं फाडून बांधली होती. तिने धार थांबवली.

"पिसांद्रोस," ती म्हणाली.

लिकॉन कुऱ्हाड घेऊन धावला.

"आई, बाजूला हो."

"चुलीशी बसलाय तो. हात लावलास तर त्याच्या मागचं लचांड तुझ्या मागे लागेल. बाप गेला तुझा, तुला मी घालवायची नाही. ठेव ती खाली आणि घे माझी शपथ."

त्याने दात खात शपथ घेतली.

"वहिनी," पांघरुणातून आवाज आला, "मुद्दाम तुमचंच घर शोधलं. दुसऱ्या कुणाच्या पाण्याने त्या सूडदेवता हटत नाहीत. मला झोप नाही हो."

"दोरिआसला मात्र चांगली लागली होती," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

"आता सुरू केलंय तर पुरं करा, वहिनी."

"करायचं तर आहेच," मिर्तो म्हणाली. "पण आजच करावं असं कुणी सांगितलंय?" आणि उरलेलं पाणी तिने बाहेर नेऊन अंगणातल्या अंजिराला घातलं.

तेव्हापासून तो तिथेच आहे. मिर्तो त्याला वेळेवर भाकरी देते, ऑलिव्ह देते, थंडीत घोंगडी देते. रोज सकाळी घागर भरून आणते. घागर दिसली की तो डावा हात पुढे करतो. वाळलेलं रक्त आता काळं पडलंय. ती त्याच्यासमोरून जाऊन अंजिराला पाणी घालते. आज ना उद्या हातावर घालेल म्हणून तो उठत नाही. कोपऱ्यात त्या बसल्यात म्हणतो, मला काही दिसत नाही. त्याची दया येते का असं शेजारणी विचारतात. मला येत नाही.

यंदा अंजिरं खूप लागली. परवा लिकॉन अंगणात सरपण फोडत होता, तर पिसांद्रोस आतून म्हणाला, "पोरा, इकडे ये. एकच घाव घाल. तुझ्या पाया पडतो."

लिकॉनने आईकडे पाहिलं. मिर्तो घागर घेऊन निघाली होती.

"चुलीशी बसलेल्याला आमच्याकडे मारत नाहीत, भावजी," ती म्हणाली आणि बाहेर गेली.