डावा स्पीकर

ठमीच्या मुठीत स्टेपलरची पिन सापडली, तो मंगळवार होता. आठ महिन्यांची पोर, हाताला लागेल ते तोंडात घालायचं वय. पिन तोंडापर्यंत पोचली नव्हती, एवढंच नशीब. ठमीच्या आईने तिचं एकेक बोट उलगडून पिन काढली, तळहात खिडकीशी नेऊन पाहिला, तोंडात बोट फिरवून पाहिलं, आणि खात्री पटल्यावर पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. ठमीने भोकाड पसरलं. आईलाही रडायचं होतं, पण रडायचा कंटाळा आला.

तसं तिने काही बाकी ठेवलं नव्हतं. 'खरखर'चा अंक निघाला की दोन दिवस घरभर कात्रणं, गोंद आणि पिना. फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधून ती खोलीभर ओढत फिरायची. पलंगाखाली, झेरॉक्स मशीनच्या चाकांमागे, अगदी चपलांमध्येसुद्धा. या वेळी चुंबकाला सत्तावीस पिना लागल्या. अठ्ठाविसावी ठमीला लागली.

मशीन झोपायच्या खोलीत होतं, कारण दुसऱ्या खोलीत तबकड्या होत्या. भिंतभर खोकी, खोक्यांवर खोकी, आणि मधून जायला एक बोळ. सासूबाई आल्या की त्या बोळातून आडव्या होऊन जायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या मुलाने घर केलं नाही, गोदाम केलं. आपण त्यातला माल."

'खरखर' हे तिच्या नवऱ्याचं मासिक. मासिक म्हणायचं, निघायचं तीन महिन्यांनी. ज्या गाण्यांना रेडिओ हात लावत नाही आणि दुकानं दारात उभं करत नाहीत, त्या गाण्यांबद्दलचं. पहिले आठ अंक त्याने एका कचेरीतल्या झेरॉक्सवर काढले, तिथे तो कारकून होता. आठव्याचं मुखपृष्ठ मशीनच्या काचेवरच विसरला, ते साहेबांच्या हाती लागलं, आणि साहेबांनी त्याला संगीतासाठी कायमचं मोकळं केलं. मग चपलांच्या दुकानाखालचं तळघर. तिथे दर शुक्रवारी नाच चालायचा. एकदा तबकड्या लावणारा आलाच नाही, आणि हा दारात अंक विकत उभा होता. तेव्हापासून शुक्रवार याचा झाला, तबकड्या लावायच्या आणि मधे मधे माइकवर बोलायचं. लोक त्याला खरखऱ्या म्हणायला लागले. अकरा वर्षांत शेहेचाळीस अंक झाले. शुक्रवार किती झाले ते कोण मोजतो.

लग्नाच्या बोलण्यांत 'भूमिगत संगीताचं मासिक काढतो' असं सांगितल्यावर तिच्या वडिलांनी घाबरून विचारलं होतं, "भूमिगत म्हणजे? पोलीस मागे आहेत का?"

"छे हो," सासूबाई म्हणाल्या होत्या, "कुणीच मागे नाहीये. तीच तर काळजी आहे."

त्या वेळी ती खूप हसली होती. सहा वर्षांपूर्वी हसायला काय जात होतं.

आता त्याच्या मागे कुणीतरी आलं होतं. रेडिओ स्टेशनचा एक साहेब मागच्या रविवारी घरी येऊन गेला. खोक्यांच्या बोळात गुडघे जुळवून बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "तुमचा आवाज सकाळचा आहे. उगाच तळघरात कशाला खर्च करताय?" सकाळी सहा ते अकरा, गाणी, हवामान, कुठला रस्ता तुंबलाय ते. नोकरी पक्की. शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

मंगळवारी तिने पिन त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. "तुझ्या लेकीच्या मुठीत होती."

त्याने ठमीला उचलून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. बाप म्हणून तो वाईट नव्हता. फक्त घरात असेल तेव्हा झोपलेला असायचा. "यापुढे पिना नाहीत. सुईदोऱ्याने शिवू."

"सुया," ती म्हणाली. "उत्तम."

"मग काय करू?"

"स्टेशनला हो म्हण."

"त्यांची यादी पाहिलीस तू? नुसती गोड गाणी. ऐकणाऱ्याचे दात किडतील."

"मी थकलेय रे."

"मला कळतं गं." तो खरंच कळल्यासारखं म्हणाला, आणि पुढच्याच वाक्यात कळलेलं सांडून गेलं. "पण स्टेशनच्या पगारावर राहून स्टेशनला शिव्या घालणारा अंक काढता येईल का? बंदच करावा लागेल. माझं सोड. डाव्या स्पीकरला काय तोंड दाखवू?"

ठमीचं दुपटं तिच्या हातात होतं, ते हातातच राहिलं.

डावा स्पीकर हा 'खरखर'चा सगळ्यात जुना पत्रलेखक. पाच वर्षांत त्याचं पत्र एकदाही चुकलं नव्हतं. आणि तो माणूस ती स्वतः होती.

सव्विसाव्या अंकाला एकही पत्र आलं नव्हतं. पोस्टातल्या पेटीची किल्ली तिच्याकडे असायची. ती रोज जाऊन रिकामी पेटी उघडायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. "छापतो कुणासाठी? उंदरांसाठी?" असं म्हणून त्याने चार दिवस अंथरूण सोडलं नव्हतं. पाचव्या दिवशी तिने रेघांचा कागद घेतला, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, आणि खाली सही ठोकली, डावा स्पीकर. पहिलीच ओळ होती, 'मागच्या अंकात तीन चुका आहेत.' खुशामत केली असती तर त्याला वास आला असता. चुका काढल्यावर तो उठून बसला. "बघ बघ, कुणीतरी शेवटपर्यंत वाचलंय."

एकदाच, असं तिने ठरवलं होतं. पण पुढच्या अंकाच्या वेळी तो पेटीची वाट बघायला लागला. मग दर अंकाला एक पत्र ठरून गेलं. पत्र लिहायचं म्हणजे तबकड्या ऐकणं आलं. तो दुपारी झोपला की ती कानांवर हेडफोन चढवून ऐकायची. आधी गृहपाठ म्हणून, मग तिची स्वतःची मतं व्हायला लागली. त्याच्या एका लाडक्या गायिकेला तिने चार ओळींत झोपवलं, तेव्हा त्याने दोन पानी उत्तर छापलं. समोरासमोर ज्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नसता, त्यावरून टपालाने कडाक्याची भांडणं झाली. ठमी झाल्यावर उजव्या हातावर तिचं डोकं असायचं. डाव्याने लिहिणं तर आणखीच सोयीचं झालं.

त्या मंगळवारी संध्याकाळी तिने शेवटचं पत्र लिहिलं. या वेळी चुका काढायचं त्राण नव्हतं. जे मनात होतं ते उतरवलं.

'अकरा वर्षं पुष्कळ झाली. तुम्ही आम्हाला भरपूर ऐकवलंत. आता थांबलात तरी तुम्ही हरलात असं कुणी म्हणणार नाही. सकाळी उजेडात उठा. घरच्यांकडे बघा, ती माणसं थकली असतील.'

दोनदा वाचलं, पाकीट चिकटवलं, आणि ठमीला कडेवर घेऊन पलीकडच्या वस्तीतल्या पेटीत टाकून आली. बुधवार, गुरुवार तिला घास गोड लागला नाही. फसवणूक जुनीच होती, पण आजवर तिने त्याला उभं करायला फसवलं होतं. बसवायला फसवायची ही पहिली वेळ.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला तिने पत्र आणून त्याच्यापुढे ठेवलं. अक्षर बघूनच तो खूश झाला. उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मग पत्र उजेडात धरून कागद पारखला.

"हे त्याचं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"खोटं आहे. कुणीतरी अक्षर गिरवलंय. स्टेशनवाल्यांचंच काम असणार."

"स्टेशनवाल्यांना बाकी उद्योग नाहीत?"

"अगं, डावा स्पीकर असं लिहीलच कसं? एक चूक काढली नाही, एक शिवी नाही." त्याने कागदावर बोट आपटलं. "आणि हे बघ, 'घरच्यांकडे बघा'. त्याला काय ठाऊक मला घर आहे? शेहेचाळीस अंकांत मी कधी लिहिलंय की मला बायको आहे, मुलगी आहे? एक ओळ दाखव."

तिने मनातल्या मनात अंक चाळले. लग्नानंतरचे सगळे तिनेच घड्या घालून लावले होते, आधीचे वाचले होते. आभार मानले होते कागदवाल्याचे, तळघराच्या मालकाचे, एकदा तर मशीन दुरुस्त करणाऱ्याचे. तो खरं बोलत होता. एक ओळ नव्हती.

"पुढच्या अंकात निवेदनच टाकतो," तो म्हणाला. "खऱ्या डाव्या स्पीकरने पुढे यावं."

"तो बसलाय समोर," ती म्हणाली.

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तिने टेबलावरची पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि पाकिटाच्या मागे सही केली. त्याने पाकीट उचलून ती सही पत्रावरच्या सहीशी लावून पाहिली. ठमी खाली एका खोक्यावर थापा मारत होती.

"हे एकच?"

"पहिल्यापासून. सव्विसाव्यापासून."

"सगळी?"

"बाकीच्या लोकांची त्यांची त्यांनी लिहिली. माझी मी."

तो उठून बोळात गेला, परत आला. "त्या गायिकेबद्दल तू लिहिलंस? 'आवाज आहे, पण सांगायला काही नाही' हे?"

"तेच मत आहे माझं. आजही."

"आणि त्या तबकडीबद्दलचं पत्र? दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकून डावा स्पीकर वाटेत थांबला होता…"

"मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि उभी राहिले. 'वाटेत' एवढंच खोटं."

तो खाली बसला. रागावेल असं तिला वाटलं होतं, आणि त्याचीही तिने तयारी ठेवली होती, पण त्याच्याकडेही तेवढं बळ दिसेना. "तोंडाने का नाही सांगितलंस कधी?"

"आवडलं म्हटलं असतं तर म्हणाला असतास, बायकोच आहे, म्हणणारच. नाही आवडलं म्हटलं असतं तर म्हणाला असतास, हिला काय कळतंय."

त्याने पत्राची घडी घातली आणि पुन्हा उघडली.

"आणि थकलेय, हे तोंडानेच सांगितलं," ती पुढे म्हणाली. "मंगळवारीही सांगितलं. तुझ्या या कानातून आत, त्या कानातून बाहेर. टपालाने आलेलं तरी ऐकशील म्हटलं. तर तू म्हणतोस, खोटं आहे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याने पत्र तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी सावकाश, ओठ हलवत.

"हे 'हरलात असं कुणी म्हणणार नाही'," त्याने विचारलं, "हे तुझं? का मला बरं वाटावं म्हणून?"

"माझं."

"आणि तळघर?"

"एखाद्या शुक्रवारी जा. पाहुणा म्हणून. मी येईन ठमीला तुझ्या आईकडे सोडून. गेल्या वर्षभरात मी काही मोठ्याने ऐकलेलं नाही."

घड्याळात बाराला दहा कमी होते. तो फोनपाशी गेला. नंबर फिरवताना दोनदा चुकला. मग त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, जे घरात कुणी कधी घेत नसे, आणि म्हणाला, "हो, येतो मी. सोमवारपासून… नाही, विचार करून सांगतोय." मध्ये ऐकत थांबला. "पाच वाजता? बरं." फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. "पाचला निघावं लागेल. म्हणजे ठमीची सकाळ तुझ्याचकडे."

"आजवर कुणाकडे होती?"

"अकराला सुटून आलो की मी घेईन. संध्याकाळपर्यंत."

"जागा राहून?"

"जागा राहून."

जिंकल्यासारखं काहीतरी वाटेल, असा तिचा अंदाज होता. त्याच्या पडलेल्या खांद्यांकडे बघून वाईट वाटेल, असाही होता. पण आली ती नुसती झोप. पायांपासून चढत आली. तिने ठमीला उचललं, त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दिवसाढवळ्या आडवी झाली.