सिलिंडरसाठी बर्फ

ताइनान शहरातला तो जुना डान्स हॉल पाडायला काढला होता, आणि त्याआधी गच्चीवरच्या एसींमधला गॅस काढून घ्यायचं काम सुचिन आणि तिची नणंद मेइयून यांच्याकडे आलं होतं. सुचिनचा नवरा गेल्यापासून हा धंदा दोघीच ओढत होत्या. काम तसं लवकर आटपलं असतं. पण सुचिन रोज दुपारी खालच्या दुकानात जाऊन किसलेला बर्फ खात बसायची, त्याचं पार पाणी होईस्तोवर.

"वहिनी, बर्फाने तुझे दात ठणकतात ना?" मेइयून विचारायची.

"ठणकतात की."

"मग?"

"मग काय, उकडतं."

दुकानाचा मालक थेनफा, एकटा जीव, अबोल. "दूध घालू का आणखी?" एवढंच काय ते बोलला होता. तेवढ्यावर सुचिन दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर यायची.

शेवटच्या दिवशी ऊन असं कडक पडलं की गच्चीवर पाय ठरेना. मशीन एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरत होतं. पण सिलिंडरच तापला, आतला दाब वाढला आणि मशीन धापा टाकत थांबलं. बर्फात बसवल्याशिवाय तो निवायचा नाही.

"जा, बर्फ आण," मेइयून म्हणाली.

"तू जा ना. मला आज लाज वाटते."

मेइयूनने सरळ कठड्यावरून खाली हाक मारली, "मालक, बर्फ पाठवा! वहिनी फार तापल्यात!"

"सिलिंडर म्हण गं, मेले," सुचिन एसीच्या आड लपत म्हणाली.

थेनफा स्वतःच आला. खांद्यावर बर्फाचं पोतं, हातात टब. वजनकाट्यावर टब, टबात सिलिंडर, भोवती बर्फ अशी मांडामांड झाली. मेइयूनने काटा शून्यावर आणला, मशीन पुन्हा गुरगुरायला लागलं. सिलिंडर काठोकाठ भरू द्यायचा नसतो, नाहीतर उन्हात फुटतो. म्हणून सुचिनने आकड्यावर नजर ठेवायची होती. तिची नजर भलतीकडेच होती.

अचानक आकडा टुणकन वर गेला.

"बंद कर, भरला!" सुचिन ओरडली.

मेइयूनने झडप घालून मशीन बंद केलं. "भरेल कसा? आत्ता तर सुरू केलं."

दोघींनी नळ्या तपासल्या, काटा थोपटला. मग मेइयूनचं लक्ष खाली गेलं. थेनफा सुचिनकडे बघण्यात एवढा गुंग होता की त्याचा एक पाय टबाच्या काठावर होता.

"मालक," ती शांतपणे म्हणाली, "पाय."

त्याने पाय उचलला, आकडा खाली आला. सुचिनला असं हसू फुटलं की तिला खालीच बसावं लागलं. थेनफाही हसायला लागला, उचकी लागल्यासारखा, आणि थांबेचना.

मशीन पुन्हा सुरू झालं. "या गॅसचं पुढे काय होतं?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"कारखान्यात गाळून साफ करतात," सुचिन म्हणाली. "मग दुसऱ्या मशीनमध्ये भरतात."

"एवढा जुना झाला तरी?"

"साफ झाल्यावर त्याचं वय कोण विचारतंय?"

थेनफाने यावर बराच विचार केला. "खाली हॉलची लाकडी जमीन अजून उखडली नाहीये," तो म्हणाला. "तुम्हाला नाचता येतं?"

सुचिनचं हसू थांबलं. तिने नणंदेकडे पाहिलं. "मेइयून, तुझा दादा..."

"दादाने तुला जन्मात नाचायला नेलं नाही," मेइयून म्हणाली. "त्याच्या वतीने मी पाठवतेय. सिलिंडरकडे मी बघते."

रिकाम्या हॉलमध्ये दोघं कामाच्या बुटांनी नाचली. गाणं नव्हतं, तो एक-दोन-तीन मोजत होता आणि चुकत होता. सुचिन इतक्या गिरक्या घेत होती की शेवटी तिला भिंत धरावी लागली, आणि मग भिंतच फिरायला लागली.

संध्याकाळी मेइयूनने भरलेले सिलिंडर ट्रकमध्ये बांधले आणि ती एकटीच वर्कशॉपकडे निघाली. चौकात तिला थेनफाची स्कूटर दिसली. मागे सुचिन, केस मोकळे, आणि दोघं वर्कशॉपच्या अगदी उलट्या दिशेला, समुद्राकडे चालली होती. मेइयूनने खिडकी खाली केली आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत हॉर्न वाजवत राहिली.